आपल्याच कॉलेजातून बी.एस्सी. झालेल्यांना शोधू कुठं आणि विचारू काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. केमिस्ट्री-बॉटनी-झूलॉजी घेतलंय. घरचे म्हणतात, "बी.एस्सी. करून काय होते?" आणि तुम्हाला इथूनच पास झालेल्यांकडं बघून पुढचं ठरवायचंय.

मी पांढरकवड्याकडची. असल्याच कॉलेजात, याच ग्रुपला होते. आता नागपूरला एका खासगी प्रयोगशाळेत पाणी आणि माती तपासते. त्यामुळं प्रश्न वाचून गप्प बसवेना.

पहिलं म्हणजे चौकातल्या फ्लेक्सवर जाऊ नका. तलाठी झालेल्या एका दादाचा फोटो फ्लेक्सवर लागतो. त्याच्यासोबत स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला सदाशिव पेठेत खोली करून राहिलेले बाकीचे चौघं चार वर्षांनी सोयाबीन काढायला परत येतात, त्यांचा लागत नाही. तुम्हाला त्या पाचही जणांशी बोलायचंय. आमच्या कॉलेजनंही एकदा परदेशात गेलेल्या माजी विद्यार्थ्याचं ऑनलाइन भाषण ठेवलं होतं. नेट तीनदा गेलं. "मोठी स्वप्नं बघा" एवढंच ऐकू आलं. ते तर आम्ही बघतच होतो, एस.टी.त बसून.

मला दिशा मिळाली ती अपघातानंच. आमच्या दोन बॅच पुढची एक ताई डुप्लिकेट मार्कशीटसाठी आली होती. ऑफिसातला माणूस जेवायला गेलेला, म्हणून वेळ काढायला ती प्रॅक्टिकलच्या खोलीत येऊन उभी राहिली. आमचं पाण्याच्या कठीणपणाचं टायट्रेशन चालू होतं. ईडीटीए नावाचं रसायन थेंबाथेंबानं टाकत जायचं, वाइनसारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं. खरं सांगायचं तर आम्ही थांबत नव्हतो, उत्तर आधीच माहीत असल्यानं वहीत उलटं गणित करून रीडिंग बसवत होतो. तिनं माझ्या वहीत डोकावलं.

"काहून वं, रीडिंग बसवून राहिल्या का तुमी?"

आम्ही हसलो. ती हसली नाही. "मी हेच करतो दिवसभर. आमच्याइथं असं बसवलं त एखाद्या गावचे पोट्टे जन्मभर पिवये दात घेऊन फिरतीन."

ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कंत्राटी कामाला होती. बॅगेत तिच्या गावच्या हापशीच्या पाण्याची बाटली होती, जाताजाता भरलेली. बाटली प्लॅस्टिकची, कारण फ्लोराइडच्या नमुन्याला काच चालत नाही. पाणी नितळ होतं, हातात धरून काही कळलं नसतं. तिनं सांगितलं, फ्लोराइडसाठी स्पॅड्न्स नावाचा लाल रंग झिर्कोनियमसोबत घालतात. फ्लोराइड त्यातलं झिर्कोनियम ओढून घेतं आणि लाल फिका पडतो. जितका फिका, तितकं फ्लोराइड जास्त. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. आमच्या केळापूर-झरी भागात त्याच्या वर जाणाऱ्या बोअर आहेत. जास्त फ्लोराइडनं दात पिवळे पडतात, माझ्या चुलतभावाचे तसेच डागाळलेले. ते तंबाखूनं झालं असं मी तोवर धरून चालले होते, आणि तो तेव्हा दहा वर्षांचा होता!

ती वीस मिनिटं थांबली असेल. पगार विचारला तर तोही सांगितला, कमी होता. कंत्राट दरवर्षी संपतं हेही सांगितलं. तरीही हेच काम करायचं, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

आता शोधायचं कुठं. आपल्या कॉलेजचं नॅक, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेकडून मूल्यमापन, झालं असेल तर वेबसाइटवर दरवर्षीचा एक्यूएआर नावाचा गुणवत्ता अहवाल असतो. कुणी वाचत नाही, तुम्ही वाचा. पाचव्या निकषात नोकरीला लागलेल्या आणि पुढं शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांची माहिती द्यावी लागते. तिथं नावं सापडली तर नंबर मागायला लॅबमधल्या परिचर भाऊंकडं जा. प्राध्यापक बदलतात, भाऊ वीस वर्षं तिथंच असतात. कोण कुठं लागलं, कुणाचं लग्न कुठं झालं, सगळं पाठ.

आणि कृषी केंद्रात जा. हे वाचून हसाल. पण कीटकनाशक विक्रीच्या परवान्याला आता शिक्षणाची अट आहे आणि केमिस्ट्री, बॉटनी किंवा झूलॉजीची बी.एस्सी. त्यात चालते. म्हणजे तुमचाच ग्रुप. तुमच्या तालुक्यातले दोन-तीन काउंटर तुमच्या सिनियरचे निघतील. 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात वीसेक शेतकरी-मजूर गेले. त्यानंतर कोणती दोन औषधं एका पंपात मिसळू नयेत हे गिऱ्हाइकाला बजावून सांगणारा एक दुकानदार मला माहीत आहे. तो आमच्याच कॉलेजचा. त्याला कुणी "यशस्वी माजी विद्यार्थी" म्हणून बोलावलेलं नाही.

भेटल्यावर "मार्गदर्शन करा" म्हणू नका, समोरचा भाषण सुरू करतो. विचारा: काल सकाळपासून काय काय केलं? पहिला पगार किती होता, त्यातलं खोलीभाडं किती? एम.एस्सी.चा पैसा कुठून आणला? कोणतं वर्ष वाया गेलं? कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायच्या कामाला, असलेल्या दादाला नाइट शिफ्टबद्दल विचारा. पीएच.डी. करणाऱ्या ताईला फेलोशिपबद्दल विचारा. नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून संशोधनासाठी मिळणारी फेलोशिप, तिची रक्कम 2023 पासून महिना 37,000 आहे, पण ती खात्यात वेळेवर येते का, हे तीच सांगेल.

शेवटचा प्रश्न मात्र सगळ्यांना एकच विचारा: तुम्हाला काय उशिरा कळलं? माझं उत्तर आत्ताच देते. बी.एस्सी.वरून आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं, त्यासाठी जॅम नावाची परीक्षा असते, तीन तास, 60 प्रश्न, 100 गुण, आणि ती तिसऱ्या वर्षाला असतानाच देता येते, हे मला तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये कळलं. परीक्षा फेब्रुवारीत होऊन गेली होती. मग अमरावती विद्यापीठातून एम.एस्सी. केलं, त्याचं दुःख नाही. पण तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात. फॉर्म साधारण सप्टेंबरच्या आसपास सुरू होतात, तेव्हा तिसऱ्या वर्षात पाऊल टाकलं की तारीख बघून ठेवा.

परिचर भाऊंकडं प्रॅक्टिकल सुटल्यावर जा, सकाळी नाही. सकाळी त्यांना डिस्टिल्ड वॉटरचा कॅन भरायचा असतो.