नीट हुकली, मुलगा म्हणतो बदकं पाळतो

प्रश्न : मुलगा बारावी सायन्स झाला. नीट दोनदा दिली, एमबीबीएसला मार्क पुरले नाहीत. आता क्लास नको म्हणतो, आमच्या बोडीवर (लहान तळ्यावर) पाचशे बदकं पाळून अंडी विकायची म्हणतो. एक जण पिल्लं द्यायला आणि अंडी परत विकत घ्यायला तयार आहे. दोन लाखांची एफडी आहे, ती मोडू का? आणि शिक्षणाचं काय? नातेवाइकांना काय सांगू?
– एक आई, चामोर्शी तालुका, जि. गडचिरोली

नमस्कार ताई,

एफडी मोडू नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल.

मुलाचं डोकं मात्र फिरलेलं नाही. हाच प्रश्न साताऱ्याहून आला असता तर मी सरळ नको म्हटलं असतं. बदकाचं अंडं आपल्याकडे फारसं कुणी खात नाही, गिऱ्हाईक शोधण्यातच दमछाक होते. तुमच्याकडे चामोर्शी-मुलचेरा पट्ट्यात बंगाली वसाहती आहेत आणि तिथल्या घरांत हे अंडं आवडीनं खातात. शिवाय घरचा कोंडा, कनकी आणि बोडीतल्या गोगलगायी. एवढी सोय सगळ्यांकडे नसते.

चूक आहे ती पाचशे या आकड्यात. त्याला कागद घेऊन बसवा. खाकी कॅम्पबेल ही अंड्यांसाठीची नावाजलेली जात. मादी साधारण पाच महिन्यांनी अंड्यावर येते आणि तोवर एकेक पक्षी बारा किलोच्या वर खाद्य फस्त करतो. खाद्य 30 रुपये किलो धरलं तर पाचशे पक्ष्यांचे पहिलं अंडं दिसायच्या आधीच पावणेदोन-दोन लाख गेले. तुमची एफडी तिथेच संपली. पिल्लं, शेड, जाळी, औषध हे सगळं वेगळंच.

आता तीस माद्यांचं बघा. रोज सुमारे साडेचार किलो खाद्य, म्हणजे 135 रुपये. नवख्या माणसाला दिवसाला अठरा अंडी मिळाली तरी खूप. अंडं दहा रुपयांना गेलं असं समजू, 180 रुपये आले. दिवसाचे 45 राहिले! पोट भरेल इतके नाहीत, पण निम्मं खाद्य कोंडा-कनकी आणि बोडीवर भागलं तर शंभराच्या पुढे जातात. मी धरलेले दर खोडून तुमच्या बाजारातले दर त्यालाच घालू द्या. त्यासाठी आठवडी बाजारात जाऊन विचारावं लागेल, आणि ते त्यानंच करायचं, वडिलांनी नाही.

अंडी परत घेतो म्हणणाऱ्या माणसाला हात जोडून नको म्हणा. आधी इमू पक्ष्यांचं पालन, मग 2019 मध्ये गाजलेलं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण. दोन्हींत शेतकऱ्याला महागडी पिल्लं विकली गेली आणि माल परत घ्यायची वेळ आल्यावर समोरचा गायब झाला. पिल्लं सरकारी केंद्राकडून घ्यावीत. बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला केंद्र सरकारचं बदक पैदास केंद्र आहे. गडचिरोलीत सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारलं तर जवळचा मार्गही कळेल. पिल्लांत नर-मादी साधारण निम्मे निघतात, म्हणून तीस माद्या हव्या तर साठ पिल्लं आणावी लागतील. दोनेक महिन्यांची झाली की मादी मोठ्यानं क्वॅक करते, नराचा आवाज बसका असतो. खायच्या अंड्यांना नर लागत नाही, ते मटणाला विकून टाकायचे.

बदकपालनाच्या व्हिडिओत बहुधा नसेल अशी एक गोष्ट. बदकं जवळजवळ सगळी अंडी सकाळी नऊच्या आत घालतात. उजाडल्याबरोबर खुराड्याचं दार उघडलं की अंडी बोडीच्या चिखलात. म्हणजे पठ्ठ्यानं पहाटे उठून खाद्य-पाणी द्यायचं, नऊपर्यंत दार बंद ठेवायचं, अंडी गोळा करायची, मग सोडायचं, आणि दिवेलागणीला मोजून परत कोंडायचं, नाहीतर मुंगूस आणि कुत्री टपलेलीच असतात. पाण्याचं भांडं चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं खोल हवं. पावसाळ्यात बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड चुकूनही नको, त्या विषानं बदक कोंबडीपेक्षा लवकर मरतं. फवारणी झालेल्या धानाच्या बांधीत सोडायचं नाही. डक प्लेग या बदकांच्या रोगाची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर टोचून घ्यायची. आणि बर्ड फ्लूची बातमी आली की बोडीवर सोडणं बंद, कारण तिथे रानपाखरंही उतरतात.

आता शिक्षण. नीटचा स्कोअर तुम्ही लिहिलेला नाही, आणि मला सगळ्यात जास्त तोच हवा होता. एमबीबीएसला कमी पडलेले मार्क बी.व्ही.एस्सी.लाही कमी पडतीलच असं नाही. पशुवैद्यकाचे प्रवेशही नीटवरच होतात, साडेपाच वर्षांचा कोर्स, नागपूरला कॉलेज आहे. त्यानं तिकडे अर्ज तरी केला होता का? कित्येक मुलं नुसतं एमबीबीएस बघतात आणि ही यादी उघडतही नाहीत. तेही जमत नसेल तर बी.एस्सी. कृषी आहे, त्याला सीईटी द्यावी लागते, आणि कृषी महाविद्यालय गडचिरोलीतच आहे. यंदाची प्रवेशाची वेळ टळली असेल तर इग्नूचा कुक्कुटपालनाचा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स घरी राहून होतो.

तीस बदकं आणि कॉलेज एकत्र जमतात, घरातल्या कुणी दुपारी लक्ष ठेवलं तर. पाचशे बदकं आणि कॉलेज जमत नाही. बाहेरगावी प्रवेश मिळाला तर बदकं आणूच नका, तुमच्या गळ्यात पडतील.

नातेवाइकांना काय सांगायचं असंही तुम्ही विचारलंय. अंडी किती रुपयांना देता ते सांगा.

साठ पिल्लांना पाच महिन्यांत वीसेक हजारांचं खाद्य लागेल, घरचा कोंडा धरला तर कमी. गोठ्याशेजारची पडवी जाळी मारून खुराड्यासाठी चालेल. तेवढे पैसे उसने म्हणून द्या, वहीत लिहून. आणि मला नीटचा स्कोअर, जातीचा प्रवर्ग आणि बारावीचे पीसीबीचे (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) मार्क कळवा.