उपाशी पोटी दारू लवकर का चढते?

रिकाम्या पोटातून ती झटकन लहान आतड्यात उतरते म्हणून, कारण खरं शोषण तिथेच होतं, जठरात त्यामानाने कमीच. पोटात जेवण असलं की जठराचं खालचं तोंड बराच वेळ आवळलेलं राहतं, दारू थोडी थोडी करून खाली सरकते आणि रक्तातली पातळी एकदम उसळत नाही (फार्मसीला असताना आम्हाला हेच उदाहरण दिलं होतं). पण जेवलो म्हणजे कितीही चालतं असं नाही हं, चढायला उशीर लागतो म्हणून माणूस अजून ओततो, आणि लिव्हर मात्र आपल्याच चालीने तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल काढणार, मग कॉफी प्या नाहीतर डोक्यावर गार पाणी ओता.