चॅप्लिन पाहून झालाय. आता मूकपटांतला विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटन याचा कोणता चित्रपट आधी पाहावा? त्याच्या दिग्दर्शनाचं एवढं कौतुक का होतं?

चॅप्लिन पाहून झालाय म्हणताय, तर आता थेट 'द जनरल' (१९२६) लावा. दिग्दर्शन कीटन आणि क्लाइड ब्रुकमन यांचं.

१८६२ साली, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, उत्तरेच्या हेरांनी जॉर्जियात खरोखरच एक रेल्वे इंजिन पळवलं होतं. चित्रपटात ते इंजिन परत आणायला त्याचा ड्रायव्हर जॉनी (ही भूमिका कीटनचीच) एकटाच मागे लागतो. जाताना हेर रुळांवर अडथळे टाकतात. परतताना तेच काम जॉनी करतो.

आता दिग्दर्शनाचं. कीटन कॅमेरा लांब ठेवतो. माणूस, इंजिन, रूळ सगळं एकाच चौकटीत दिसतं आणि ऐन मोक्याच्या क्षणी तो शॉट तोडत नाही. तोडला असता, तर ही संकलनाची करामत आहे असं वाटलं असतं. एका प्रसंगात जॉनी धावत्या इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसलाय, मांडीवर जड लाकडी स्लीपर, म्हणजे रुळांखाली आडवा घालतात तो ओंडका. समोर रुळावर दुसरा स्लीपर आडवा. हातातला तो नेमका त्याच्या टोकावर आपटतो आणि दोन्ही उडून बाजूला पडतात. सगळं आपल्या डोळ्यांदेखत. मी हसतो, पण त्याआधी श्वास अडकतो, आणि कीटनला नेमकं तेच हवं होतं असं माझं ठाम मत आहे.

प्रेयसीने झिडकारल्यावर जॉनी इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो, तो शॉटही पाहा. इंजिन हलतं, दांड्याबरोबर तो वर-खाली होत राहतो आणि आपल्याच विचारात असल्याने त्याला पत्ताच लागत नाही. चाकं जागच्या जागी गरकन फिरली असती तर जिवावर बेतलं असतं. चेहरा तसाच निर्विकार. दुःख सगळं त्या बसण्यात आहे.

जळत्या पुलावरून नदीत कोसळणारं इंजिनही खरंच आहे. ऑरेगनमधल्या कॉटेज ग्रोव्हजवळ ते चित्रीकरण झालं.

एक गोष्ट मला खटकते: नायक गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूचा आहे आणि गुलामगिरीचा प्रश्न चित्रपट चक्क टाळतो. ते लक्षात ठेवूनच पाहा.

त्या काळी चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही. १९२८मध्ये कीटन एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओत गेला आणि हळूहळू त्याच्या हातातलं स्वातंत्र्य गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि हो, मोबाइलवर पाहू नका. विनोद बऱ्याचदा चौकटीच्या कोपऱ्यात घडत असतो.