स्वयंसेवी संस्थांमुळे वस्तीतले लोक खरंच सक्षम होतात का, की नुसते कार्यक्रमच होतात?

होतात, पण निर्णय त्यांच्या हातात असेल तरच. पुण्यातलंच बघा. १९९३ मध्ये इथल्या कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून सुरुवात झाली आणि कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांची भक्कम साथ मिळाली. बायकांना मदतफेरी नको होती, कामाला मान हवा होता. म्हणून ओळखपत्राची मागणी आली. गळ्यात ते कार्ड असलं की कचरा वेचणाऱ्या बाईकडे चोर म्हणून बघणं अवघड होतं. माझ्या मते खरा बदल तिथून सुरू झाला.

पुढे २००८ मध्ये महापालिकेशी करार करून 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली. घरोघरचे दरमहाचे पैसे थेट त्यांच्याच हातात पडतात. आमच्या जिन्यात येणाऱ्या ताई डायपर उघडा दिसला की बेल वाजवतात, कागदात गुंडाळून, न उघडता ओळखू यावं म्हणून वर लाल ठिपका काढायला लावतात. आणि आम्ही ऐकतो! सहभाग म्हणजे हाच. नुसत्या सह्यांच्या हजेरीपटाला मी सहभाग मानत नाही.

तुम्हाला काही करायचं असेल तर पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवता येतात, २००६ पासून ही सोय आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा. मात्र आधी वस्तीतल्या बायकांना विचारा, नळ आणि दिवा नक्की कुठे हवा ते त्यांनाच ठाऊक असतं.