क्वाड्रिलॅटरल की क्वॉड्रिलॅटरल? आणि क्वाड्रॅटिकमध्ये चार कुठे?

प्रश्न सेमी इंग्रजीतल्या दहावीच्या मुलीच्या आईचा आहे. क्वाड म्हणजे चार, मग क्वाड्रॅटिक समीकरणात घात दोनच कसा? आणि उच्चार क्वाड की क्वॉड?

आधी उच्चार. ब्रिटिश इंग्रजीत ‘क्वॉ’. आपण क्वॉलिटी, क्वॉन्टिटी म्हणतो, तोच ऑ. अमेरिकन तोंडी तो ‘क्वा’कडे झुकतो, त्यामुळे वर्तमानपत्रांतलं ‘क्वाड’ चूक ठरवायचं कारण नाही. आघात मात्र जरूर सांभाळावा: क्वॉड्रिलॅटरलमध्ये (म्हणजे चौकोन) जोर ‘लॅ’वर येतो, पहिल्या अक्षरावर नाही.

आता घात. लॅटिनमध्ये क्वाड्रातुस म्हणजे चौरस. चार बाजूंचा म्हणून चौरस, आणि संख्येचा वर्ग म्हणजे तेवढ्या बाजूच्या चौरसाचं क्षेत्रफळ, म्हणून क्षचा वर्ग असलेलं समीकरण ते क्वाड्रॅटिक. चार आहेत ते चौरसाच्या बाजूंचे, घाताचे नव्हेत. आपलं ‘वर्गसमीकरण’ हेच सरळ सांगतं; मुलीला आधी तो शब्द द्या, गोंधळ होणारच नाही. चौथ्या घाताच्या समीकरणाला क्वॉर्टिक म्हणतात.

स्पेलिंगमध्ये कधी ‘क्वाड्रि’ तर कधी ‘क्वाड्रु’ का, हेही त्यांनी विचारलंय. पुढे ‘प’ आला की लॅटिनमध्ये बहुधा ‘रु’ होतो: क्वाड्रुपेड म्हणजे चार पायांचा, क्वाड्रुपल म्हणजे चौपट, आणि क्वाड्रुप्लेट म्हणजे एकाच वेळी जन्मलेल्या चार भावंडांपैकी एक. हातपाय चारही लुळे पडतात ती क्वाड्रिप्लेजिया मात्र ‘रि’च ठेवते. तो लॅटिन डोकं आणि ग्रीक धड असलेला अलीकडचा शब्द आहे. शुद्ध ग्रीक हवा असेल तर टेट्राप्लेजिया.

क्वाड्रुपेड मला फार आवडतो, कारण तो आणि आपला चतुष्पाद ही सख्खी भावंडं आहेत. लॅटिन क्वात्तुओर आणि संस्कृत चत्वारः एका मुळातले, पेड आणि पाद हेही तसेच. इंग्रजी ‘फोर’ त्याच घरचा, फक्त ओळखू येत नाही इतका बदललेला.

ग्रीक ‘टेट्रा’ तर मुंबईकरांच्या रोजच्या बघण्यातला. मरीन ड्राइव्हच्या कठड्यापलीकडे काँक्रीटचे जे टेट्रापॉड पडलेत, त्यातला एक नीट बघा: मधून चार दिशांना चार बुटके पाय. सपाटीवर कसाही ठेवला तरी तीन पाय खाली, एक वर. हे ठोकळे एकमेकांत अडकून बसतात आणि लाटेचा जोर त्यांच्या फटींत मोडतो. टेट्रासायक्लिन या औषधाच्या रेणूत चार कडी जोडलेली असतात, म्हणून ते नाव.

पण ‘टेट’ दिसला की चार मोजायला बसू नका. टिटॅनसचा चाराशी संबंध नाही. तो स्नायू ताठ होण्यावरून, ‘ताणणे’ अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे.