तक्रारीचा टाळ

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेतीनला पाठवलेला तुझा व्हॉइस मेसेज मी सकाळी दूध तापायला ठेवून ऐकला. दूध उतू गेलं. मग पुन्हा एकदा ऐकला. उत्तर बोलूनच पाठवणार होतो, पण फोनसमोर माझं वर्गात बोलल्यासारखं होतं, म्हणून कागद घेतला.

परीक्षा पुन्हा पुढे गेली, वय अठ्ठावीस झालं, बरोबरचे दोघे नोकरीला लागले, घरचा फोन आला की तू कट करतोस, हे सगळं कळलं. त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर माझ्याकडे इलाज नाही आणि असल्याचा आव मी आणणार नाही. पण शेवटी तू जे म्हणालास ते दोन दिवस डोक्यात घोळतंय. ‘सर, हरिपाठ म्हणतानाही आत कटऑफच चालू असतो. माझा देवावर भरवसाच नाही का?’

मी निवृत्त झाल्यापासून माउलींच्या पालखीबरोबर चालतो, हे तुला माहीत आहे. लोकांना वारीतलं रिंगण आवडतं, टीव्हीवरही तेच दिसतं. मला ओढ असते संध्याकाळच्या समाजआरतीची. पालखी तळावर पोचते, दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंच करतात आणि ‘होऽऽ’ असा पुकारा होतो. त्या क्षणाला हजारो टाळ थांबतात. नुसता वारा आणि दूर कुठेतरी टँकरचं इंजिन.

पण एखादी दिंडी थांबत नाही. सगळं शांत झालेलं असताना तिचे टाळ वाजतच राहतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, काय हे बेशिस्त लोक! शेजारचे बुवा म्हणाले, ‘माउली, त्यांची तक्रार आहे.’ पाणी मिळालं नसेल, चालीचा क्रम कुणी मोडला असेल, राहुटीच्या जागेवरून काही झालं असेल. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, ऐकून घेतात. मग हरवल्या-सापडल्याची पुकार, उद्या निघायची वेळ, आणि त्यानंतर आरती. तक्रार असलेल्यांना कुणी ‘आधी आरती होऊ द्या, मग बघू’ असं म्हणत नाही. तक्रार आरतीच्या आधी ऐकली जाते, तीही देवासमोरच.

तुझ्या डोक्यात चालू असलेला कटऑफ मला त्या टाळासारखा वाटतो. तो बंद करून, मन स्वच्छ पुसून मगच देवासमोर उभं राहायचं, असं तुला कुणी सांगितलं? आपल्या संतांनी तरी नाही सांगितलं. जनाबाई दळता-कांडता देवाला ‘अरे विठ्या, अरे विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ म्हणाली. शिव्याच आहेत त्या, उगीच गोड करून सांगण्यात अर्थ नाही. परक्या माणसाला असं बोलता येत नाही. साहेबाच्या केबिनमध्ये आपण अर्ज विनंती करतो, हात बांधून उभे राहतो. भांडतो ते घरी.

आणि तुकोबा. घरातलं कुणी जरा कुरकुरलं की आपल्याकडे त्यांचं ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ तोंडावर फेकतात. (तुझ्या काकांनीही फेकलं असणार, मी त्यांना ओळखतो.) पण हे म्हणणाऱ्या माणसाने काय पाहिलं होतं? १६३०च्या सुमाराला दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. वाण्याचं दुकान बुडालं, गावातली पत गेली, पहिली बायको ‘अन्न अन्न’ करीत मेली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या तेव्हा ते तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले, आणि परंपरा सांगते की तेव्हाही ते देवाला जाब विचारत होते. समाधानाची ओळ आणि हा जाब, दोन्ही एकाच माणसाचं आहे. एक घ्यायचं आणि दुसरं लपवायचं, ही आपली सोय.

दुष्काळाबद्दल लिहिताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. सगळं बुडाल्यावर त्यांनी काय केलं? गावातलं देवाचं देऊळ भंगलं होतं, ते नीट करावंसं मनाला आलं आणि त्याला हात घातला. दुकान परत कसं उभं राहील याचं उत्तर त्यांना मिळालेलं नव्हतं. हाताशी मात्र भिंत होती, दगडमाती होती.

आता माझं सांगतो, कारण नुसती संतांची नावं घेऊन म्हातारी माणसं सुटतात. २०२० साली वारी झाली नाही. ३० जूनला माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि मी घरी टीव्हीसमोर बसून ते पाहिलं. त्याच आषाढात धाकटा भाऊ दवाखान्यात होता. आत जाता येत नव्हतं. रोज पाचला वॉर्डातून फोन यायचा, नर्स ऑक्सिजनचा आकडा सांगायची. मी तो कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहायचो. ८८. ९१. पुन्हा ८४. ९१ आला त्या दिवशी मी तुळशीपुढे दिवा जरा मोठ्या वातीचा लावला. ८४ला दिवा लावला आणि उभा राहून देवाला वाट्टेल ते बोललो. बायको दारातून ऐकत होती, काही म्हणाली नाही.

अकराव्या दिवशी भाऊ गेला. म्हणजे बघ, भरवसा ठेवला म्हणून आकडा वाढला असं काही झालं नाही, आणि तुला पण ‘देव तुझं चांगलंच करील, पोस्ट मिळेलच’ असं मी लिहिणार नाही. पुढचा महिनाभर मी हरिपाठ म्हणत होतो, पण शेवटी हात जोडत नव्हतो. रुसलो होतो. एके दिवशी सवयीने हात जोडले गेले. का ते मला अजून सांगता येत नाही. एवढं कळतं की त्या महिन्यात मला रागवायला कुणीतरी होतं. नाहीतर तो राग मी बायकोवर, त्या बिचाऱ्या नर्सवर काढला असता. थोडाफार काढलाही.

आता जरा व्यवहाराचं. तू म्हणालास, दुसरी वाट बघणं म्हणजे देवावर अविश्वास वाटतो. हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं देव जाणे. दिवे घाट चढणारा प्रत्येक वारकरी पडशीत प्लास्टिकचा कागद घेऊन निघतो. पाऊस आला की डोक्यावर, नाही आला तर खाली अंथरायला. विठ्ठलावर अविश्वास म्हणून घेत नाही कुणी. तेव्हा बँकेचा फॉर्म भर, तालुक्याच्या क्लासवर गणित शिकवशील का असं जे विचारत होते त्यांना होकार दे. सकाळचा अभ्यास तुझाच राहील. अजून किती वर्षं द्यायची ते कागदावर लिहून काढ आणि तो कागद मला दाखव.

आणि झोपेचं. तीन आठवडे रात्री जागाच आहेस, जेवण जात नाही, छातीत धडधडतं म्हणतोस. हे भजनावर ढकलू नकोस. डॉक्टरांना दाखव. लाज वाटत असेल तर आधी सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. रात्रीही लागतो तो नंबर. पावणेतीनला मला मेसेज करतोस त्याऐवजी तिथे बोललास तरी मला वाईट वाटणार नाही. मला केलास तरी चालेल, फक्त मी सकाळी ऐकणार.

हरिपाठ चालू ठेव. कटऑफ मध्ये आला तर येऊ दे, त्याला तसाच घेऊन बस. एखाद्या दिवशी अभंग राहिला आणि नुसता कटऑफच सांगून झाला, तरी उठताना दिवा लाव.

परवा बाजारात तुझे वडील भेटले. कांदा विकून रिकाम्या गोण्या घड्या करून बांधत होते. ‘पोराचं कसं चाललंय?’ मला विचारलं, घरच्या माणसाने! मी म्हटलं, तुम्हीच विचारा. ते म्हणाले, फोन केला की त्याला वाटतं निकालाचं विचारतोय. विचारायचं होतं ते वेगळंच: गोठ्यावरचे पत्रे या सुट्टीत बदलायचेत, वर चढायला कोणी नाही, तू चार दिवस येशील का. रविवारी रात्री आठनंतर करीन म्हणालेत. कट करू नकोस.

तुझा,
गुरुजी