व्हिएतनामला सॅक न्यायची की ट्रॉली?

प्रश्न : ताई, डिसेंबरात मी आणि मैत्रीण तीन आठवडे व्हिएतनामला चाललोय, हनोई, उत्तरेतलं डोंगरातलं सापा मग खाली दक्षिणेत सायगावपर्यंत. आई म्हणते मोठी ट्रॉली ने. काय करू? - एक वाचक, नाशिक

उत्तर : अगं सॅकच घे, ३५-४० लिटरची. हनोईच्या जुन्या भागात फुटपाथवर नुसत्या स्कूटर लावलेल्या असतात, तिथं ट्रॉली ओढणार कुठून? स्वस्त विमानांत केबिन बॅग साधारण ७ किलोच चालते त्यामुळे सॅक रिकामी असताना दीड किलोच्या आत हवी आणि पुढून पूर्ण चेन उघडणारी बघ, वरून तोंड असलेल्या ट्रेकच्या सॅकमध्ये तळाचा एक मोजा काढायला सगळं उपसावं लागतं. कपडे चार-पाच दिवसांचेच, तिकडे लॉन्ड्रीवाले किलोवर धुऊन देतात. खरी गोची सापा गावाची, डिसेंबरात तिथं कडाक्याची थंडी आणि सायगावात घाम, म्हणून जाड स्वेटर नकोच, थर्मल, फ्लीस, पातळ विंडचीटर एकावर एक चढवायचं आणि बूट प्रवासात पायातच. पॉवरबँक केबिनमध्येच, लिक्विड १०० मिलीच्या बाटल्यांत. आईने चिवडा दिला तर घे बाई, पण तोही त्या ७ किलोतच धरायचा.